रिबनच्या टोकातला मणी

“गुडघे न वाकवता इथल्या कुणाकुणाला पायाचे अंगठे धरता येतात?”

भिंगरीनं विचारलं आणि कापड कापायच्या टेबलाभोवती जमलेल्या पाचही जणांचा चहा होता तिथेच थांबला. आजोबांचा ओठांशी, आत्याचा बशीत, काकाचा बिस्किटासकट हवेत. बिस्किटाला मात्र फार वेळ तग धरवला नाही. अर्धं बुडालं.

पैज जिंकली! काल चष्मिश आणि शिडी या तिच्या जिवाभावाच्या दोन आगाऊ मैत्रिणींनी तिला बजावलं होतं, “घरच्या बैठकीत सगळ्या मोठ्यांसमोर हे विचारून दाखव. नाही विचारलंस तर महिनाभर दर शनिवारी हॉलमधल्या मॅट तू एकटीनं उचलायच्या.” आता मॅट त्या दोघी उचलणार होत्या. पण जिंकल्याचा आनंद पुरता साजरा करायच्या आतच काका कडाडला.

“हे काय उत्तर झालं? मी तुला विचारलं काय, तू बोलतेस काय!”

“पट्टी माझ्या हातात आहे,” भिंगरी म्हणाली, “म्हणजे मी बोलणार.”

या घरात भांडायचीही रीत ठरलेली होती. रविवारी घरचं पडद्यांचं दुकान बंद असायचं. दाराचं शटर अर्धं खाली ओढायचं, बारा फुटी टेबलावरचं कापड गुंडाळून ठेवायचं आणि घरचा जो काही तंटा असेल तो त्या टेबलाभोवती बसून मिटवायचा. ज्याच्या हातात मापाची लाकडी पट्टी, त्यानंच बोलायचं. आजोबांची तिन्ही मुलं लहानपणी एकाच वेळी, एकाच पट्टीत, एकमेकांवर ओरडायची, तेव्हापासूनचा हा नियम. आता ती मुलं पन्नाशीला टेकली होती, तरी नियम टिकून होता. तंटे तर होतेच होते.

आजचा तंटा भिंगरीचा होता. दोन वर्षं ती दर शनिवारी रिदमिक जिम्नॅस्टिक्सला जात होती. आत्तापर्यंत ते कुणाला खुपलं नव्हतं, पण आता स्पर्धेच्या टीमसाठी निवड होत होती आणि टीममध्ये गेलं की रोज संध्याकाळी तीन तास सराव. नेमकं याच वेळी दुकानाला नाट्यगृहाच्या पडद्याचं काम मिळालं होतं. एवढा मोठा पडदा या दुकानानं कधी शिवला नव्हता. घरातला प्रत्येक हात लागणार होता, आणि हाताचे टाके घालण्यात भिंगरीचा हात बसलेला, हे काकाच सगळ्यांना सांगत सुटायचा. म्हणून त्यानं बैठक बोलावली होती. “यादी उद्या लागेल. आधीच ठरवून टाकू. नंतर शब्द फिरवायला नको,” असं म्हणून त्यानं पट्टी तिच्या हातात दिली होती. “फक्त हो की नाही एवढं सांग.”

यादी उद्या लागेल असं भिंगरीनंच घरी सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. यादी काल लागली होती. हॉलच्या पुढच्या दारावर, चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या लावून. आठ नावं होती आणि त्यात भिंगरीचं नाव नव्हतं.

हे तिनं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं होतं दोनदा. एकदा आत्याचा फोन आला, एकदा बाबांनी इतक्या आशेनं तिच्याकडे पाहिलं की तिनं जांभई दिल्यासारखं केलं. तर आता हे सगळे ज्या गोष्टीवरून भांडायला बसले होते ती गोष्ट मुळात शिल्लकच नव्हती, आणि हे ठाऊक असलेली एकटी भिंगरी पट्टी धरून मधोमध उभी होती.

“बरं मग, बघूया की,” आत्या उठलीच. आत्या शहराची बस चालवायची. तिचा आवाज मागच्या दरवाज्यापर्यंत पोचायचा, दुकानात असली तरी. “अंगठेच ना? त्यात काय एवढं!”

ती वाकली. गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथं तिचा ब्रेक लागला. “आई गं… हे सीटमुळे. दिवसाचे आठ तास बसून माणूस घडीच्या खुर्चीसारखं होतं.”

“ताई, तुझा स्टॉप आला वाटतं,” काका म्हणाला.

“तू ये ना मग! ये, दाखव!”

काका आला. त्यानं श्वास आत घेतला, पोट आत घेतलं, खूप ठिकाणांहून खूप काही आत घेतलं आणि वाकला. त्याची बोटं नडगीच्या मध्यावर हवेत तरंगत राहिली. बाबा वाकले तेव्हा गळ्यातली टेप घसरून जमिनीला टेकली, बाबा टेकले नाहीत. रविवार असूनही ती टेप त्यांच्या गळ्यात होती. भिंगरीला कधीकधी वाटायचं, ते टेपेसकटच जन्माला आले असावेत. आजोबांनी बसल्या जागेवरून हात हलवला. “मी मोजमापाला बसलोय. मला नका यात ओढू.”

राहिली आई. ती कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसली होती, नेहमीसारखी, कुणाच्या बाजूनं आहे याचा पत्ता लागू न देता. तिनं कप खाली ठेवला. उठली. पाय जुळवले आणि अगदी सावकाश, घडी घातल्यासारखी वाकली. अंगठे राहिले बाजूलाच, तिचे दोन्ही तळवे फरशीला पूर्ण टेकले.

“वहिनी!” काकाचं उरलेलं बिस्किटही गेलं.

“आई, हे कधीपासून?” भिंगरीच्या हातातली पट्टी खाली आली होती.

आई सरळ झाली. गाल लाल झाले होते, वाकल्यामुळे की सगळे बघतायत म्हणून, कळायला मार्ग नव्हता. “दोन वर्षं मी दर शनिवारी हॉलच्या बाहेर बसते. दीड तास. बाजूच्या दाराला काच आहे. तुमच्या बाई आत सांगतात, मी व्हरांड्यात भिंतीला धरून करते. आधी कोणी आलं की थांबायचे. हल्ली थांबत नाही.” मग काकाकडे वळून म्हणाली, “भावजी, माझ्या पाठीला पट्टा होता, आठवतं? मशीनवरून उठताना दोन्ही हात टेबलाला लावावे लागायचे. तो पट्टा गेले आठ महिने कपाटात आहे. आणि मी तर काचेबाहेरून शिकले. ती आत होती.”

आत्यानं टेबलावर थाप मारली. “बघ! मी काय म्हणत होते!”

“तू काही म्हणत नव्हतीस, तू अडकली होतीस,” काका म्हणाला, पण आवाजातली हवा गेली होती. त्यानं पट्टी मागितली, भिंगरीनं दिली. “हे बघा, मी काही राक्षस नाही. ते रिबिनीचं नाचणं मला आवडतं, बघायला छानच असतं. पण रोज तीन तास? या वयात हाडं वाढीला लागलेली असतात. कुठं काही लचकलं, मोडलं म्हणजे? आणि शेवटी उपयोग काय त्याचा? शिवणकाम आलं तर जन्मभर हाताशी राहतं. चेंडू पाठीवरून घरंगळवता आला, त्याचं पुढं काय करायचं?”

“उपयोग मी सांगतो.” आजोबांनी हात पुढे केला आणि काकाला पट्टी सोडावी लागली. “दोन वर्षांपूर्वी दुकानात गिऱ्हाईक आलं की ही पोर कुठं असायची?”

सगळ्यांना माहीत होतं. नमुन्याचे पडदे टांगलेत त्या रांगेत, मखमलीच्या मागे. बाहेर फक्त तिच्या चपला दिसायच्या. उंची भराभरा वाढलेली, ती लपवायला खांदे पुढे ओढून घेतलेले, आणि बोलायची ती स्वतःच्या चपलांशी.

“परवा त्या दवाखानेवाल्याकडे माप घ्यायला गेलो,” आजोबा म्हणाले. “अठरा खिडक्या. ही शिडीवर चढली, एका पायावर उभं राहून वरचा गज मोजला आणि त्याला वरूनच म्हणाली, तुमची भिंत वाकडी आहे, पडदा नाही. मी चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाईकाला असं बोललो नाही. आणि भिंत खरंच वाकडी होती.”

भिंगरीला हसू फुटलं. ही गोष्ट आजोबांनी आत्तापर्यंत कुणाला सांगितली नसावी असं तिला वाटत होतं.

“मग झालं तर!” आत्यानं पट्टीची वाटही पाहिली नाही. “टीममध्ये जाणार ती. मेडल आणणार. माझं जे झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही. तेराव्या वर्षी मी शाळेत सगळ्यांत पुढे धावायचे. अण्णा, तुम्ही मला मशीनवर बसवलंत. मी काही बोलतेय का त्यावर? नाही बोलत. पण ही जाणार.”

अण्णा म्हणजे आजोबा. त्यांनी पट्टीवरचे आकडे अंगठ्यानं पुसल्यासारखे केले. काका छताकडे पाहू लागला. गेली चाळीस वर्षं आत्या ‘त्यावर काही बोलत नव्हती’, आणि तरी ते सगळ्यांना तोंडपाठ होतं.

“उपयोग हवाय ना तुला?” आत्या काकाला म्हणाली. “थांब. दाखवते. कुठं आहे गं भिंगरे, तुझी ती रिबन? तुझ्या बाबांनी शिवलेली?”

भिंगरी आपल्या पिशवीकडे झेपावली. “आत्या, नको. ती राहू दे…”

पण आत्याच्या हातात पिशवी आली होती आणि पिशवीतून पाच मीटर रिबन. निळीशार साटीनची, दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या ताग्यातली. बाबांनी तीन संध्याकाळी बसून ती केली होती. आत्यानं काठी धरली, बस वळवावी तशी हातानं मोठी गिरकी घेतली, आणि रिबनचं टोक सरळ आजोबांच्या कपावर जाऊन आदळलं.

टण्ण!

कापडाचा असा आवाज येत नाही. आजोबांनी टोक उचललं. बोटांच्या चिमटीत धरलं, दुमड चाचपली. डोळ्यांनी त्यांना आता फार दिसत नव्हतं, पण बोटं कधी चुकायची नाहीत.

“यात मणी आहे,” ते म्हणाले. “शिशाचा.”

पडदा नीट खाली पडावा, वाऱ्यानं उडू नये, म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे मणी घालायची या दुकानाची पद्धत होती. कड उघडी ठेवायची नाही आणि टोक हलकं सोडायचं नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कापडाला हाच नियम.

बाबांनी गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली होती. “मी घातलाय,” ते म्हणाले. “कडा पण दुमडल्या दोन्ही बाजूंनी. म्हटलं, छान भारदस्त पडेल. का? काय झालं?”

“काय झालं?” आत्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला. “अरे, ही हवेत उडायची असते! तू तिला खिडकीला टांगायला दिलीस! ही घेऊन पोर निवडीला गेली? भिंगरे, यानं नीट उडाली का गं रिबन?”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “पायाभोवती गुंडाळली.”

आणि मग सगळं टेबल बाबांवर कोसळलं. ज्या काकाला तिचं जाणंच नको होतं, तोही म्हणाला, “दादा, कमाल केलीस, विचारायचं तरी एकदा!” आत्या म्हणाली, उद्या ती स्वतः जाऊन त्या बाईंना भेटणार, सगळं समजावून सांगणार, निवड पुन्हा घ्यायला लावणार. काका म्हणाला, आपणही बरोबर जाऊ, शेवटी घरच्या नावाचा प्रश्न आहे. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचे गळे धरणारे भाऊ-बहीण एका सुरात बोलत होते. बाबांची टेप गुंडाळून गुंडाळून संपली होती आणि बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

भिंगरी हे सगळं बघत होती, आणि तिच्या मनात एक दार हळूच उघडलं. किती सोपं होतं! नुसतं गप्प राहायचं. उद्या ‘यादीत नाव नाही’ म्हणून सांगायचं आणि दोष मण्याचा. जन्मभर घरात म्हणतील, पोर निवडली जाणारच होती, रिबननं घात केला. आत्या सगळ्या बसला ऐकवेल. भिंगरीला कुणी कमी म्हणणार नाही.

फक्त बाबांचं ते बोट तसंच पांढरं राहील.

तिनं आजोबांकडे हात पसरला. “पट्टी.”

“थांब गं जरा, आम्ही बोलतोय ना…” काका म्हणाला.

“तिला बोलू दे,” आजोबा म्हणाले. “एका मुलीचं न ऐकता एकदा ठरवलं होतं मी. तेवढं पुरे.” आत्या एकदम कपातला गार झालेला चहा ढवळायला लागली. त्यात साखर नव्हतीच.

भिंगरीनं पट्टी दोन्ही हातांत धरली. खांदे खाली, मान लांब, पाय जमिनीत. सुरुवातीच्या मुद्रेत उभं राहायचं, मग संगीत सुरू होतं. बाई नेहमी म्हणायच्या, आधी उभी राहा, मग घाबर.

“यादी काल लागली,” ती म्हणाली. “मी त्यात नाहीये. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

“त्या मण्यामुळेच…” आत्यानं सुरुवात केली.

“नाही. ऐक ना! मण्यामुळे नाही. रिबन पायात अडकली ना, तेव्हा बाई म्हणाल्या, ही ठेव, हॉलमधली घे आणि पहिल्यापासून कर. मी केलं. आत्या, मी इतकं छान कधीच केलं नव्हतं. शिडीनं शिट्टी मारली. आणि तरी नाही झालं.” आवाज थोडा हलला. तिनं हलू दिला. “बाईंनी मला बाजूला बसवून सांगितलं. टीममधल्या मुली सहाव्या वर्षापासून येतायत, मी बाराव्या वर्षी आले. ते अंतर आता भरून निघणार नाही. त्या म्हणाल्या, मी तुला खोटी आशा दाखवणार नाही.”

मग बाबा अगदी हळू म्हणाले, “म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही बाबा. शप्पथ नाही.”

टेप सुटायला लागली. एकेक वेढा.

“मला ठाऊक होतं,” आई मशीनपाशी बसूनच म्हणाली.

“काय?”

“दोन वर्षांत तू मला कधी मागच्या फाटकातून नेलं नाहीस. काल ओढत नेलंस. मी पाकीट विसरल्याचं सांगून परत गेले आणि पुढच्या दारावरची यादी वाचली. म्हटलं, तुझं तू सांगशील.”

काल भिंगरी एवढी धडपड करून चेहरा हसरा ठेवत होती, आणि आई शेजारून चालताना सगळं जाणून खिडक्यांच्या मापांविषयी बोलत होती!

काकानं घसा खाकरला. आवाज आता मऊ होता. “चल, जाऊ दे. निदान प्रश्न तरी सुटला. वाईट वाटून घेऊ नको बेटा. शनिवारपासून पडद्याला बस आमच्याबरोबर. मन रमेल.”

“म्हणजे सोडायचं?” आत्या म्हणाली, पण तिचाही जोर ओसरला होता. “मेडलच नाही तर… मला वाटलं होतं गं, आपल्या घरातलं कुणीतरी…”

आणि तेव्हा भिंगरीच्या लक्षात आलं, की हे दोघं सकाळपासून एकाच बाजूला होते. एकाला मेडलसाठी ती पाहिजे होती, एकाला पडद्यासाठी. मेडल गेलं की दोघांच्याही हिशेबी विषय संपला.

“काका, तू विचारलंस ना, चेंडू पाठीवरून घरंगळवून करायचं काय? चेंडू पडतो. रोज पडतो. सगळ्यांसमोर, संगीत चालू असताना. आणि संगीत थांबत नाही. धावत जाऊन आणायचा आणि जिथं पोचायला हवं होतं तिथून पुढं चालू करायचं, चेहरा न पाडता. आधी मी चेंडू पडला की रडायचे. खरंच. मॅटच्या मागे जाऊन. आता नाही रडत. आत्तासुद्धा बघ, मी तुमच्यासमोर उभी आहे आणि सांगतेय की मला घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी मखमलीच्या मागे असते.”

काका नमुन्याच्या रांगेकडे बघत राहिला. मग त्यानं चहात बुडालेलं बिस्किट चमच्यानं शोधायला घेतलं.

भिंगरीनं पट्टी टेबलावर ठेवली. नियमानं आता ती बोलू शकत नव्हती, पण कुणी पट्टीला हात लावला नाही. ती वळसा घालून आई आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. निळी रिबन तिनं हातात घेतली, दातानं टाका तोडला, दुमड उसवली आणि शिशाचा मणी बाबांच्या तळहातावर ठेवला.

“आई, बाबा, मी टीममध्ये नाहीये आणि कधी होणारही नाही. मी तरीही जाणार आहे. शनिवारी माझा वर्ग, आणि बुधवारी लहान मुलींचा. त्यांना शिकवायला बाईंना मदत हवीय, त्यांनी मला विचारलंय आणि मी हो म्हणून आलेय. सगळ्या बारा जणी सहा-सात वर्षांच्या आहेत. त्यातल्या दोघी अजून मॅटच्या मागे लपतात, त्या माझ्या. नाट्यगृहाच्या पडद्याला मी रविवारी बसेन, काका सांगेल तेवढे टाके घालेन. आई, तू आता व्हरांड्यात थांबायचं नाहीस, आत यायचंस, मी बाईंना विचारलंय. आणि बाबा, मला बारा रिबनी हव्यात. याच ताग्यातल्या. कडा दुमडायच्या नाहीत. मणी घालायचा नाही.”